विषय क्रमांक चार: चंद्र

दीक्षाची चंद्रावरच्या वस्तीसाठी निवड झाली. सगळ्या परीक्षा पार पडल्या, राहिला तो फक्त हाउसिंग सोसायटीचा ना-हरकत दाखला. चंद्रावर जायला तो कशाला लागतो हे कुणालाच सांगता येईना, पण लागत होता खरा. आणि त्यावर सही करायची होती कर्वेनगरच्या त्या सोसायटीच्या सचिवांनी, म्हणजे तिच्याच वडिलांनी.

पोपटराव ओव्हाळ टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. बायको हिराबाई गेल्यापासून घरात बाप-लेक दोघंच, आणि चंद्राचं तिकीट फक्त जाण्याचं. लेकीला 'जाऊ नकोस' म्हणायची त्यांच्यात हिंमत नव्हती. पण त्यांच्याकडे सोसायटीच्या उपविधींचं पुस्तक होतं.

"सचिवाला असा दाखला परस्पर देता येत नाही," ते म्हणाले. "माणसाने अवकाशात वस्ती करावी की नाही, याबद्दल सोसायटीचं धोरण ठरलेलं नाही. सभा घ्यावी लागेल."

"घ्या. पण शनिवारपर्यंत दाखला हवाय, बाबा. नाहीतर वेटिंग लिस्टवरची नागपूरची मुलगी जाईल."

पोपटरावांनी शुक्रवारची सभा लावली. सभेला कुणी येत नाही, यावर त्यांची सगळी भिस्त होती. गेली बावीस वर्षं ते नोटिशीच्या तळाला एक ओळ लिहीत: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल व तेव्हा गणसंख्येची अट राहणार नाही. त्या ओळीच्या जोरावर पाच माणसांत सगळा कारभार चालत आला होता. या वेळी त्यांनी ती गाळली. आता माणसं जमली नाहीत, की सभा थेट पुढच्या आठवड्यात. उभ्या जन्मातली ही पहिली लबाडी.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला पोपटराव सोडून चौतीस सभासद हजर. बिबवेवाडीला मुलाकडे राहायला गेलेले श्याम केळकरसुद्धा रिक्षा करून आले. पोपटरावांनी हजेरी दोनदा मोजली. भानगड साधीच होती. दीक्षा चंद्रावर गेली, की तिच्या गाडीची सावलीतली जागा मोकळी होणार होती.

अध्यक्ष कॅनडात मुलाकडे, म्हणून खुर्चीवर पोपटराव बसले आणि इतिवृत्त लिहायला दीक्षा बसली. विषय क्रमांक चार निघाला.

"माणसाने अवकाशात गेलंच पाहिजे," श्यामराव म्हणाले. "आणि लवकर गेलं पाहिजे. माझी गाडी तीन वर्षं उन्हात आहे."

"जिन्यातला दिवा आपल्याला बदलता येत नाही," सकीना बागवान म्हणाल्या. त्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका. "तिथे श्वासाला हवा कोण पुरवणार? आधी ही पृथ्वी नीट सांभाळा." त्यांच्या गाडीला सावली आधीच होती, त्यामुळे तत्त्वाचा विचार त्यांना परवडत होता.

"चंद्रावर वजन कमी भरतं म्हणे," तिसऱ्या मजल्यावरचं कुणी तरी म्हणालं. "म्हणजे लिफ्टचं झंझट नाही."

तासभर असं चाललं. मग हात वर झाले. बाजूने सतरा, विरोधात सतरा.

"समसमान मतं पडली, तर खुर्चीवरच्या माणसाचं निर्णायक मत," श्यामराव म्हणाले. "हा नियम तुम्हीच आम्हाला शिकवलात, अहो."

पोपटरावांनी लेकीकडे पाहिलं. ती वहीत डोकं घालून बसली होती. एक हात विरोधात वर केला की काम फत्ते. ती घरी राहिली असती, रोज समोर बसून जेवली असती, आणि एक शब्द बोलली नसती. त्यांना ते स्वच्छ दिसलं आणि फार भीती वाटली.

"बाजूने," ते म्हणाले. "लिही. अठरा विरुद्ध सतरा, ठराव मंजूर. आणि खाली लिही, सचिवांचा वैयक्तिक विरोध."

"कारण?" दीक्षाने मान वर न करता विचारलं.

"घरात दोघंच आहेत."

तिने लिहिलं. ठराव वाचून दाखवायची पद्धत होती, म्हणून ती वाचू लागली. शेवटच्या ओळीपाशी आली आणि तिला पुढे वाचवेना. पोपटरावांनी वही आपल्याकडे ओढली, ती ओळ खणखणीत आवाजात स्वतः वाचली आणि खाली सही केली.

"कुणाची काही दुरुस्ती?" त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं.

श्यामराव खाली बघत होते.