पाच जागांचं हेलिकॉप्टर

"पुन्हा दंडच आवळणार का गं? परवा आवळला, त्याच्या आधी मंगळवारी आवळला. दंड माझा आहे की गावाचा?"

काईला बा माझ्या कानाशी पुटपुटत होते. मोठ्याने बोलायची सोय नव्हती, कारण पुढ्यात पाहुणे बसले होते आणि पाहुण्यांसमोर आमच्या गैरीखर्क गावात कुणी कुरकुरत नाही. घर पडलं तरी आधी पाहुण्यांची चटई शोधायची, मग आपली भांडी.

"बा, हात पुढे करा," मी म्हटलं. "काठमांडूहून आलेत बिचारे."

"मी वरच्या वाडीतून काठी टेकत आलोय. मला नाही कुणी बिचारा म्हणालं."

पण हात पुढे केला त्यांनी. सिस्टरने पट्टा गुंडाळला, फुगा दाबला. ती आकडा सांगणार तोच बा म्हणाले, "एकशे तीस, ऐंशी. लिहा आणि सोडा." यंत्रावर तेवढाच आला. सिस्टर चकित झाली. बांना त्याचा फार आनंद झाला. वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी माणसाला एखादी विद्या यावी, ती अशी.

वैशाखातल्या त्या शनिवारी जमीन हलली, त्याला तेवीस दिवस झाले होते आणि आमच्याकडे आलेलं हे सहावं वैद्यकीय पथक. पहिलं पायी आलं होतं. कोसळलेल्या दरडींवरून चार पोरं आणि एक पिकल्या केसांची डॉक्टरीण. त्यांनी हाडं बसवली, टाके घातले, आमच्याबरोबर भाजका मका खाल्ला आणि नाव न सांगता पुढच्या गावी गेली. त्यांचा एकही फोटो कुणाकडे नाही. नंतरची पाच पथकं उडत आली. तोवर मोडलेली माणसं खाली नेऊन झाली होती, गेलेल्यांना अग्नी देऊन झाला होता. उरलो होतो आम्ही धडधाकट. धडधाकट माणसाचं तपासणार काय? बीपी. गाव रांगेत उभं राहायचं. एवढ्या लांबून आलेल्या माणसांना रिकाम्या हाती कसं पाठवायचं? म्हणून आपापले दंड द्यायचे.

ही रांग लावायचं काम माझं. मी गावची स्वास्थ्य स्वयंसेविका. निळी सरकारी साडी, खांद्याला पिशवी आणि पिशवीत चित्रांचं मोठं पुस्तक. अठरा वर्षं झाली. शाळेचा उंबरा मी कधी ओलांडला नाही. अक्षरं शिकले ती मुलाच्या पाटीवर, तो दुसरीत असताना, आणि तो माझ्या चुका काढायचा. पण पुस्तकातली चित्रं मला पाठ आहेत. सर्वांत जास्त वापरलेलं पान गरोदर बाईचं. चेहरा सुजलेला, हात डोक्याला, डोळ्यांपुढे काजवे काढलेले. ते पान गावातल्या किती सासवांच्या नाकासमोर मी धरलंय! "होईल नीट, आमचंही झालं," असं म्हणणाऱ्या सासवांना मी चारचौघांत झाडलंय. "सून आहे तुमची, म्हैस नाही. म्हशीला तरी लवकर बघता." असली माझी जीभ.

या सहाव्या पथकाचे प्रमुख होते कुठल्याशा सद्भाव मंडळाचे अध्यक्ष, रत्नकाजी. गोरेपान, गोल, अंगात जाकीट आणि जाकिटावर पाठीमागे त्यांचंच नाव. मागून ओळखलं जाण्याची वेळ त्यांच्यावर का येत असावी, ते मला दुपारी कळलं. त्यांच्याबरोबर एक तरुण डॉक्टर, ही सिस्टर, एक कॅमेरावाला आणि एक कोषाध्यक्ष. कोषाध्यक्षांनी दिवसभरात एकदाच तोंड उघडलं, ते जेवायला. डॉक्टर शहरात केस गळतीवर उपचार करतात, असं त्यांनी स्वतःच मला लाजत सांगितलं. "आमच्याकडे केसांचं सगळं ठीक आहे," मी त्यांना धीर दिला.

कापडी फलक फार मोठा होता. 'आम्ही तुमच्यासोबत आहोत.' शाळेच्या पटांगणात वारा असा, की तो धरायला नऊ माणसं लागली. त्या नऊ जणांचं बीपी नंतर घ्यावं लागलं. आणि निरोपाला घालायचे हारही अध्यक्षांनी येताना बरोबर आणले होते, प्लास्टिकच्या झेंडूचे, पिशवीत मोजून पाच. "तुम्हाला अशा संकटात फुलं शोधायला नकोत म्हणून," ते मला म्हणाले. मी हात जोडले. एवढा पुढचा विचार करणारा माणूस विरळाच.

हेलिकॉप्टर सकाळी त्यांना सोडून गेलं होतं. साडेबाराला परत येणार होतं, कारण दुपारनंतर आमच्या डोंगरावर ढग उतरतात आणि मग चार-चार दिवस उठत नाहीत.

साडेअकराला पंगत बसली. ताडपत्रीखाली चूल होती आणि चुलीशी माझी सून तुलमाया. आठवा महिना. मुलगा मलेशियात हातमोज्यांच्या कारखान्यात. सहाही पथकांचं जेवण तिनेच केलं, कारण तिच्या हाताला चव आहे आणि कारण स्वयंसेविकेच्या घरचं जेवण म्हणजे गावाची अब्रू. मी मिरवायचे, "माझी सून बघा, एवढ्या पोटाची, पण बसत नाही." त्या दिवशी घरातला शेवटचा कोंबडा कापला होता.

तुलमाया पळी घेऊन वाढत आली. भात वाढला, साग वाढला आणि डाळीची पळी कॅमेरावाल्याच्या थाळीत न ओतता सरळ त्याच्या मांडीवर ओतली.

तो ओरडला. मी त्याच्याहून जोरात ओरडले. "डोळे फुटले का तुझे?"

"आमा," ती हळूच म्हणाली, "थाळ्या दोन दिसतात. कुठल्या थाळीत वाढू?"

पंगतीत हशा पिकला. मीही हसत होते. हसता हसता तिच्या तोंडाकडे पाहिलं. पापण्या फुगलेल्या. बोटं अशी, की काचेच्या बांगड्या मनगटात रुतलेल्या.

"डोकं दुखतंय का?"

"परवापासून. धुराने असेल."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही पाहुण्यांत होता."

माझ्या पिशवीतलं ते पान माझ्यासमोर उभं होतं, हातात डाळीची पळी घेऊन. गावातल्या एकूण एक माणसाचा दंड पाच-पाच वेळा आवळून झाला होता. तुलमायाचा एकदाही नाही. रांग लागायची तेव्हा ती चुलीशी असायची. आणि तिला चुलीशी बसवणारी कोण, तर अठरा वर्षं मुरलेली स्वयंसेविका, दुसऱ्यांच्या सासवांना झाडणारी.

केसांचे डॉक्टर जेवण टाकून उठले. एका दंडावर बीपी घेतलं, मग दुसऱ्यावर. मग पुन्हा पहिल्यावर. काईला बा वाकून आकडा बघत होते. "एकशे ऐंशी, एकशे वीस," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांना आपल्या विद्येचा आनंद झाला नाही.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "दिदी, हिला झटके येऊ शकतात. केव्हाही. झटके आले तर आई आणि बाळ दोघंही..." त्यांनी औषधांच्या खोक्याकडे बोट दाखवलं. "यावरचं इंजेक्शन मी आणलेलं नाही. आमच्या खोक्यात जीवनसत्त्वं आहेत. एक गोळी देतो, तास-दोन तास निभावेल. आजच मोठ्या हॉस्पिटलात पोचली पाहिजे. आजच."

आजच म्हणताना त्यांनी आभाळाकडे पाहिलं. मी पाहिलं. बांनी पाहिलं. आणि मग सगळ्यांनी आपापल्या पायांकडे पाहिलं.

त्यानंतरचा अर्धा तास गैरीखर्कात जेवढं बोलणं झालं, तेवढं भूकंपानंतरही झालं नव्हतं.

"डोक्यात बसवून नेता येईल," कुणीतरी म्हणालं. डोको म्हणजे पाठीवरची टोपली, आमची पिढीजात अँब्युलन्स. "दोन दिवसांत रस्त्याला लागू."

"मधला पूल वाहून गेलाय."

"मग तीन दिवस."

"मी काठमांडूला उतरल्या उतरल्या बोलतो," अध्यक्ष म्हणाले. "थेट वरपर्यंत. खास हिच्यासाठी दुसरं हेलिकॉप्टर पाठवतो. उद्या सकाळी."

"उद्या ढग असतील, अध्यक्षज्यू," बा म्हणाले.

"मग परवा. काहीतरी व्यवस्था करू. आपण सगळे आहोत ना."

"सगळे आहात खरे," बा म्हणाले. "पाचजण."

तेवढंच. पुढचा शब्द त्यांच्याही ओठावर येऊन परत गेला. गावकरी एकमेकांना कोपराने ढोसत होते, तू बोल, तू बोल. पाहुणा म्हणजे देव, आणि देवाला ऊठ म्हणायची रीत आमच्यात नाही. घरात धान्य नसताना आमच्या आजीने पाहुण्याला बियाणं शिजवून घातलं होतं. ही गोष्ट आम्ही अभिमानाने सांगतो. पुढच्या वर्षी पेरलं काय, ते कुणी सांगत नाही.

मी तरी काय केलं? तुलमायाला सावलीत डाव्या कुशीवर झोपवलं, उशाला शेजारणीला बसवलं आणि पाहुण्यांना चहा दिला. खरंच दिला. हात आपोआप चालत होते. साखर पुरेल का, याचीही काळजी केली.

"तोवर निरोपाचा कार्यक्रम आटोपून घेऊ," अध्यक्ष म्हणाले. "कार्यक्रम होईपर्यंत काहीतरी सुचेल."

आणि मी माझ्या हाताने, तांदळाला लाल रंग लावून, पाचही कपाळांवर टिळे लावले. पाचही गळ्यांत प्लास्टिकचे झेंडू घातले. अध्यक्षांना दोनदा घातला, कारण पहिल्यांदा कॅमेरावाला मांडीवरची डाळ पुसत होता. अध्यक्षांचं भाषण झालं. त्यात आमच्या धैर्याचा उल्लेख चार वेळा आला. मागून तुलमायाच्या ओकारीचा आवाज आला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या जरा जोरात वाजवल्या.

साडेबाराला हेलिकॉप्टर उतरलं. ताडपत्र्या फडफडल्या, फलक धरणाऱ्या नऊ जणांनी फलक सोडून दिला आणि तो मक्याच्या शेतात जाऊन पडला. पंखा फिरत ठेवूनच पायलट ओरडला, "पाच मिनिटं! ढग खाली येतायत! पाच माणसं, सहावं नाही! या उंचीवरून मांजरसुद्धा जास्तीचं उचलणार नाही!"

मी आणि शेजारणीने तुलमायाला काखेत धरून पटांगणाच्या कडेला आणलं होतं. का आणलं, ते कुणी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही. "आमा, मला घरी झोपवा," ती म्हणत होती. "पाहुणे निघालेत. नीट जाऊ द्या त्यांना." सून माझ्याच तालमीत तयार झालेली.

अध्यक्ष सर्वांत आधी चढले, पाठीवरचं नाव आम्हाला दाखवत, आणि बसले खिडकीशी. कोषाध्यक्ष त्यांना चिकटून. मग कॅमेरावाला, मग सिस्टर. डॉक्टर पायरीवर पाय ठेवून थांबले. तुलमायाकडे पाहिलं, आत पाहिलं. मग पायरीवरचा पाय त्यांनी मागे घेतला.

"हिला घ्या," ते म्हणाले. "मी राहतो."

काय टाळ्या पडल्या! गावाच्या छातीवरचा धोंडा उतरला. अध्यक्षांनी खिडकीतून अंगठा दाखवला. "याला म्हणतात सेवाभाव!" ते ओरडले. "फोटो घे, फोटो घे!"

माणसं तुलमायाला उचलायला धावली. बा मात्र जागेवरून हलले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. मी त्या पोरसवदा डॉक्टरकडे बघत होते. वर, ढगात, पाऊण तासाच्या वाटेवर हिला झटका आला, तर जीभ कोण सांभाळणार? श्वास कोण बघणार? एकटी सिस्टर किती करणार? कोषाध्यक्ष मदत करतील? की खिडकीतला माणूस भाषण देईल? कामाचा एक माणूस आम्ही टाळ्या वाजवत खाली ठेवून घेत होतो आणि तोही बिचारा चांगुलपणाने राहत होता. सगळेच चांगले होते. चांगुलपणाने माझी सून मरणार होती.

मी साडीचा पदर खोचला आणि पंख्याच्या वाऱ्यात खाली वाकून दारापर्यंत गेले. डॉक्टरांचा दंड धरला, चांगला आवळून, आणि त्यांना परत पायरीवर चढवलं.

"दिदी, पाचच जागा आहेत," ते म्हणाले.

"मला मोजता येतं, बाबू."

खिडकीशी अध्यक्ष हसून हात हलवत होते. त्यांना वाटलं, मी आणखी एकदा हात जोडायला आलेय. सवयीने माझे हात जोडलेही गेले. जोडलेल्या हातांनीच, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले,

"हार राहू द्या गळ्यात, अध्यक्षज्यू. तुम्ही उतरा."