व्हर्जिलचा डावा हातमोजा

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे. हरणाच्या कातड्याचा, डाव्या हाताचा. माझा उजवा भाऊ माझ्याखाली दबून पडला आहे. आम्ही दोघे एका काळ्या पिशवीत आहोत आणि पिशवी फाटकाबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात. गाडी यायला अजून अवकाश आहे, तेवढ्यात माझी कहाणी सांगून टाकतो. रडगाणं मात्र गाणार नाही.

आम्हाला ओपलनं शिवलं, वेस्ट व्हर्जिनियाच्या या डोंगरात, नवऱ्यानं मारून आणलेल्या हरणाच्या कातड्यातून. नवरा म्हणजे व्हर्जिल. त्याच्या हातांवर पहिल्यांदा आम्हाला चढवताना ती म्हणाली होती, "हात नीट ठेव बाबा. मी हात बघून लग्न केलं, तोंड बघून नव्हे." मग आम्ही लाकडं फोडली, कुंपणाच्या तारा ओढल्या, काटेरी जाळ्या उपटल्या. एकही काटा मी आत शिरू दिला नाही. याचा मला फार अभिमान होता.

यंदा वसंतात ओपल गेली. पानगळ झाली की ती रानद्राक्षाच्या वेली आणून त्यांचं गोल कडं वळायची आणि नाताळात दारावर लावायची. यंदा तर लेक जोलीन आपलं तान्हं बाळ घेऊन पहिल्यांदाच येणार होती. दार ओकंबोकं कसं दिसेल? व्हर्जिल कुऱ्हाड घेऊन निघाला. पण वेल निवडायचं काम नेहमी ओपलचं, ह्याचं फक्त ओझं वाहायचं.

तीन पानांची विषवेल उन्हाळ्यात इथं पोरंसोरंही ओळखतात. हिवाळ्यात तिला पान नसतं. ओकच्या खोडाला चिकटलेली, अंगावर केसांसारखी मुळं असलेली ती जाडजूड वेल त्यानं खुशाल तोडली. तिचा चीक माझ्यात मुरला. कड्याच्या शेवटच्या गाठी मारायला त्यानं आम्हाला काढून ठेवलं.

दोन दिवसांनी बिब्बा उतावा तसे त्याचे हात उतले. लाल पट्टे, पाण्यानं भरलेले फोड, आणि आग. शेजारची मर्टल धावत आली. ती पूर्वी दवाखान्यात नर्स होती.

"जन्म गेला या डोंगरात, आणि केसाळ वेल कळत नाही तुला?"

"ओपल असायची ना बघायला," तो पुटपुटला आणि ते कडं चुलीत घालायला निघाला.

"जाळू नकोस. त्याचा धूर छातीत गेला तर हातांवर भागणार नाही."

तिनं कडं पिशवीत बांधून फेकलं. त्याचे हात गार पाण्यानं, साबणानं धुतले, ओल्या फडक्यानं निववले, त्यावर गुलाबी औषध लावलं. खाजवायचं नाही, अशी तंबी दिली. कपडे धुतले, कुऱ्हाडसुद्धा धुतली. आम्ही मात्र कोठारातल्या खिळ्यावर तसेच राहिलो.

फोड सुकायला लागले आणि पुन्हा नवे आले. पुन्हा सुकले, पुन्हा आले. व्हर्जिलनं हाय खाल्ली. एकदा कोठारात तो मर्टलला म्हणाला,

"जोलीनला सांगतो, येऊ नको म्हणून. हे माझ्यापासून बाळाला लागलं तर?"

"फोडांचं पाणी कुणाला लागत नाही रे. त्या वेलीच्या चिकातलं तेल लागतं. रोज हात कशात घालतोस तू?"

"लाकडं फोडताना मोजे घालतो. थंडीत उघड्या हातांनी फोडू का?"

मर्टलनं खिळ्याकडे पाहिलं. तिच्याआधी मला कळलं होतं. ज्या हातांसाठी मी जन्मलो, त्यांनाच मी रोज पोळत होतो. मित्रांनो, त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"धुऊन देतेस?" त्यानं विचारलं.

"कातडं आहे ते. आत मुरलंय, निघायचं नाही. टाकून दे."

"ओपलनं शिवलेत."

"ठाऊक आहे मला. कशासाठी शिवले होते, तेवढं आठव."

मग त्यानंच पिशवी उघडून धरली, आणि मर्टलनं चिमट्यानं आम्हाला आत सोडलं.

त्यानंतर नवा फोड आला नाही. आज सकाळी फाटकाशी जोलीनची मोटार थांबली. मला दिसलं काही नाही, ऐकू मात्र सगळं आलं.

"बाबा, घ्या की याला."

"हात बघ माझे. नुसती सालं निघतायत."

"काही होत नाही. घे मुकाट्यानं," मर्टल म्हणाली.

मग बाळ एकदा कुरकुरलं आणि लगेच शांत झालं. "ओपल, अगं बघ, बोट धरलंय माझं," व्हर्जिल म्हणाला.

मित्रांनो, अनोळखी वेलीला हात लावू नका. काम झालं की हात धुवाच, पण हत्यारं, कपडे, मोजे यांना विसरू नका. आणि जे धुऊन निघत नाही, ते कितीही आवडतं असलं तरी टाकून द्या. माझं वाईट वाटून घेऊ नका. मला शिवलं ते त्याच्या हातांना जपायला, आणि या डब्यात पडून मी तेच करतो आहे.