साठ वॅटचा मी आणि काकूंचे कान

कपाटावरून बोलतोय तो मी, लाकडी खोक्यातला स्पीकर. खिडकीकडे माझा जुळा भाऊ बसलाय, पण तो पडला अबोल, तेव्हा आमची कहाणी सांगायचं काम मलाच करावं लागतं.

माझ्या पाठीवर एक पट्टी आहे. तिच्यावर लिहिलंय : अखंड साठ वॅट, कमाल एकशेवीस. म्हणजे साठ वॅट मी तासन्‌तास पेलतो. एकशेवीस फक्त क्षणभर, एखादा ढोल दणकला तर. दुकानात माझ्या शेजारी एक चकचकीत प्लॅस्टिकचा डबा होता. त्याच्या कपाळावर मोठ्या अक्षरात 'दोन हजार वॅट'. येणारा-जाणारा त्याच्यावरच भाळायचा आणि मी आपला मूग गिळून गप्प.

एकदा फोरमनकाका आले. कारखान्यात लेथच्या खडखडाटात उभं आयुष्य काढून निवृत्त झालेला माणूस. दुकानदारानं त्या डब्याचं कौतुक सुरू केलं, तर काकांनी तो उचलून पाहिला आणि विचारलं, हे दोन हजार किती वेळ टिकतात? दुकानदार डब्यावरची धूळ पुसू लागला. पापणी लवेपर्यंतची ताकद मला नको, दिवसभर राबणारा दाखवा, असं काका म्हणाले. तेव्हाच माझा या माणसावर जीव जडला.

मला ताकद पुरवणारा अँप्लिफायर घेताना मात्र एवढ्या शहाण्या माणसाची गफलत झाली. स्पीकर साठचा आहे ना, मग अँप्लिफायर पंधराचा घेऊ, म्हणजे जळायची भीतीच नको, असा त्यांचा विचार. कुणालाही पटेल असाच होता तो. खोलीत साधं बोलणं ऐकवायला मला एक वॅटसुद्धा पुष्कळ होतो. पण काकांचं ऐकणं साधं नव्हतं. लेथनं त्यांचे कान पार बोथट करून टाकले होते. कानात यंत्र घाला म्हटलं की ते हातानंच विषय झटकायचे.

घरात माझी खरी गरज होती काकूंना. लोकांची व्याख्यानं, मुलाखती ऐकून त्या टाइप करतात आणि प्रकाशक त्यांची पुस्तकं काढतो. हेडफोन लावला की त्यांचं डोकं ठणकतं, म्हणून मी. आणि काय कान हो त्या बाईचे! बोलणाऱ्यानं अर्धं वाक्य गिळलं तरी त्या ते त्याच्या पोटातून बाहेर काढायच्या. त्या कामावर त्यांचा भारी जीव. दिवसभर मी हळू बोलायचो, त्या टाइप करायच्या. संसार असावा तर असा, असं मला वाटायचं.

संध्याकाळी मी काकांचा. फुटबॉलचा सामना सुरू झाला की काका बटण पार शेवटपर्यंत फिरवायचे. बिचारा अँप्लिफायर पंधरा वॅटचा, त्याच्याकडून चाळीस मागितले तर तो काय करणार? आवाजाच्या लाटांचे माथे तो सपाट छाटून पुढे ढकलायचा. त्या छाटणीतून जो कर्कशपणा निघतो, तो सगळा बारीक, तीक्ष्ण आवाज काढणाऱ्या माझ्या छोट्या शंकूच्या माथी येतो. ट्विटर म्हणतात त्याला. त्याची तार केसासारखी बारीक, आणि पाठीवरच्या साठातले जेमतेम चार-पाच वॅट त्याच्या वाट्याचे. एका अटीतटीच्या सामन्यात माझा ट्विटर गेला, पाठोपाठ भावाचाही. काकांना पत्ताच नाही. बारीक आवाज त्यांना आधीही ऐकू येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी काकू कामाला बसल्या आणि थबकल्या. शब्दांच्या कडाच गेल्या होत्या. त्यांनी तोच तुकडा पुन्हा लावला, कान पुसले, खुर्ची पुढे ओढली. पुढचे काही दिवस चुका होत राहिल्या, प्रकाशकाकडून पानं परत आली. स्पीकर बिघडला असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. समोर नवऱ्याचं उदाहरण होतं ना! मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मला फक्त दुसऱ्यांचं बोलता येतं.

एका संध्याकाळी त्या काकांना म्हणाल्या, "माझेही कान गेले. उद्या फोन करून काम सोडते." काकांना ते ऐकूच आलं नाही. बिचारीला तेच वाक्य मोठ्यानं पुन्हा म्हणावं लागलं. त्या दिवशी काकांनी सामना लावला नाही.

सकाळी काका स्वयंपाकघरात चहा करत होते. काकू बाहेर फोनपाशी बसून धीर गोळा करत होत्या. अचानक त्या उठल्या आणि ओरडल्या, "अहो, गॅस सुरू आहे! सूं आवाज येतोय!" काका शेगडीला चिकटून उभे. ज्योत विझून गॅस नुसताच वाहत होता. काकूंनी धावत येऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या.

काका शेगडीपासून वळले. "हा एवढासा आवाज तुला बाहेर ऐकू आला?"

मग कान शाबूत, तर बिघाड कुठे हे बघायला दोघं माझ्यापाशी आले. काकूंनी रेकॉर्डिंग लावलं आणि माझ्या लहान शंकूला कान टेकवला. तिथं काहीच नव्हतं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

आमचे ट्विटर बदलले. दुरुस्ती करणाऱ्यानं सांगितलं तसा साठ वॅट सहज देईल असा अँप्लिफायर आला. ताकद हाताशी ठेवायची आणि बटण अलीकडे, एवढंच काय ते गणित. तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याच्या पाठीवरचा अखंड आकडा वाचा, आणि आवाज फाटायला लागला की बटण मागे घ्या. आणि काका? ते निमूटपणे कान तपासून आले. आता कानामागे यंत्र घालून ते काकूंच्या शेजारी बसतात.

परवा एका प्राध्यापकांचं व्याख्यान चालू होतं. काकांनी हात वर करून थांबवायला सांगितलं.

"हे बोलता बोलता पाणी पितात का गं?"

"हो." काकूंनी तोच तुकडा पुन्हा लावला. "आणि चष्मा काढून टेबलावर ठेवतात. आता ठेवला बघा."

काका बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "असलं सगळं तू रोज ऐकतेस? मला कधी सांगितलं नाहीस."

"ओरडून सांगण्यासारखं नव्हतं हो ते," काकू म्हणाल्या.

बरं, येतो. प्राध्यापक खोळंबलेत आणि आज ऐकणारे दोघं आहेत.