कोपऱ्यातलं पुसलेलं अक्षर

मी खोडरबर बोलतोय. हसू नका. पेन्सिलीला बोलायचा जेवढा हक्क आहे तेवढाच मलाही आहे. फक्त तिचं बोलणं कागदावर उरतं आणि माझं फुंकर मारली की उडून जातं.

माझा जन्म कारखान्यातला. एका लांबलचक पांढऱ्या पट्टीतून आम्ही चाळीस भावंडं कापली गेलो, एका खोक्यातून बाहेर पडलो आणि पांगलो. कुणी शाळेत गेलं, कुणी चित्रकाराकडे. मी आलो विद्यापीठाच्या एका विभागाच्या कचेरीत, कारकून बाईंच्या टेबलावर. बाई सतत ओठांत टाचणी धरून बोलत, म्हणून सगळे त्यांना टाचणीबाई म्हणायचे. अर्थात पाठीमागे.

मी आलो त्याच वर्षी नियम बदलला होता. आधी प्रत्येक पेपराला अ, ब, क आणि जेमतेम पास होणाऱ्याला ड अशी श्रेणी मिळायची. मुलं त्या एका अक्षरापायी आजारी पडतात, असं बैठकीत निघालं म्हणे. मग शिक्के दोनच राहिले : उत्तीर्ण, नाहीतर अनुत्तीर्ण.

आमच्या विभागात एक वयस्कर सर होते. तीस वर्षं पेपर तपासलेले. नियम त्यांना पटला होता, पण हाताला कोण समजावणार? पेपर वाचून झाला की कोपऱ्यात पेन्सिलीने अक्षर पडायचंच.

"सर, परत अक्षर?" टाचणीबाई वैतागायच्या.

"अहो, त्याशिवाय मला पेपर संपल्यासारखा वाटत नाही. तुम्ही पुसा की."

तेच माझं काम झालं. सर लिहायचे, मी पुसायचो, वर शिक्का बसायचा. बाई पुसताना खिडकीबाहेर बघायच्या. "बघितलं की तोंडातून जाईल," म्हणायच्या. सर तर दुसऱ्या दिवशी विसरून जायचे. त्यामुळे कुणाला काय मिळालं होतं हे जगात फक्त मला ठाऊक असायचं. इतकं सगळं माहीत असणं आणि सांगायला कुणी नसणं, याच्याइतकं एकटेपण दुसरं नाही.

नियमाने काहीच भलं झालं नाही असं मी म्हणणार नाही. व्हरांड्यातलं रडणं थांबलं. मुलं एकमेकांना वह्या देऊ लागली. पण सब घोडे बारा टक्के! "मॅडम, किती पानं लिहिली की पास?" असं एकाने सरळ विचारलं. आणि जीव ओतून लिहिणारी मुलं शिक्का बघून झाला तरी पान उलटून बघायची, आणखी काही लिहिलंय का म्हणून. मला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटायचं.

त्यात एक मुलगी होती, डाव्या हाताने लिहिणारी. सगळे तिला डावरी म्हणायचे. तिच्या पहिल्या पेपरावर सर इतके चिडले की त्यांनी 'ड' काढताना पेन्सिलीचं टोक मोडलं. मी पुसला. दुपारी डावरी आली, शिक्का पाहिला आणि बाकावर बसलीच.

"वाईट गेला असता तर सामान बांधून आईकडे जाणार होते, मॅडम."

"उत्तीर्ण म्हणजे उत्तीर्ण. आता अभ्यासाला लाग."

ती लागली. तिसऱ्या वर्षी तिचा शेवटचा पेपर सरांनी दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला. मग अगदी हलक्या हाताने कोपऱ्यात 'अ' लिहिला. त्या वर्षात तसा दुसरा नव्हता. मी दोन फेऱ्यांत साफ केला, खूणही ठेवली नाही. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता.

सर निवृत्त झाले आणि त्याच हिवाळ्यात गेले. नवीन सर पेन्सिल वापरत नव्हते. मी खणात पडलो, सुकलेल्या डिंकाच्या बाटलीशेजारी. दोन वर्षं मला कुणाचं बोट लागलं नाही.

मग एका सकाळी खण उघडा असताना डावरी आली. पुढच्या शिक्षणासाठी दुसऱ्या विद्यापीठाचा अर्ज होता. तिथे 'उत्तीर्ण' चालत नव्हतं, अक्षर हवं होतं, आणि मुदत त्याच दिवशी संपत होती.

"सर असते तर लिहून दिलं असतं गं," टाचणीबाई म्हणाल्या. "आता विभागप्रमुख सही करतील, पण कशाच्या आधारावर?"

"सर पेन्सिलीने लिहायचे ना? आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, मॅडम. कोपरा नेहमी झिजलेला असायचा. उजेडात धरून बघूया?"

बाईंनी तिच्या जुन्या पेपरांचा गठ्ठा सोडला. दोघी खिडकीशी उभ्या राहिल्या. शेवटच्या पेपराचा कोपरा कोरा. त्याआधीच्यांचेही कोरे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं : सगळ्यात खालचा, पहिला पेपर वर धरला आणि सरांनी रागाने दाबलेला 'ड' कागदात स्पष्ट उमटलेला दिसला.

डावरीने त्यावरून बोट फिरवलं. "हा तेव्हा दिसला असता तर मी गेलेच असते." मग हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे बाकीचेही असेच असणार."

"तसं नसतं गं."

"मग कसे होते? तुम्हीच पुसलेत ना?"

बाईंनी ओठांतली टाचणी काढून हातात घेतली. "मी बघत नव्हते, बाळा."

डावरीने अर्जाची घडी केली. विभागप्रमुखांची खोली वरच्या मजल्यावर होती. ती जिना उतरून गेली.

मी 'ड' पुसला म्हणून ती टिकली, आणि मी 'अ' पुसला म्हणून ती गेली. कुठलं अक्षर पुसावं आणि कुठलं ठेवावं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवलं असतं तरी हात माझा नव्हता. आता मी बोटाच्या पेराएवढा उरलोय. आवरासावर झाली की केरात जाईन. त्याचं काही नाही.

पण तुम्ही चालती-बोलती माणसं आहात. कुठे एखादी डाव्या हाताने लिहिणारी मुलगी भेटली, आणि आपण जेमतेमच आहोत असं म्हणाली, तर तिला एवढं सांगा : शेवटचा पेपर सरांनी दोनदा वाचला होता. त्यावर 'अ' होता. मी पाहिलाय.