टेबलाच्या पायाखालचा पत्ता

मी मरणाचा पत्ता बोलतोय. दचकलात? दचका. मला सवय आहे.

भविष्य सांगायच्या टॅरोच्या गड्डीत आम्ही पत्ते माणसाच्या वाटचालीसारखे लागलेले असतो. सगळ्यात पुढे वेडा. खांद्यावर बोचकं, नजर आभाळात, पाय कड्याच्या टोकावर. तुम्ही सगळे तिथूनच निघता, मला शहाणपणा सांगू नका. मग कुणी गुरू भेटतो, जोडीदार भेटतो, एखादा बुरूज अंगावर कोसळतो, शेवटाकडे सूर्य. मी मधोमध. लोकांना वाटतं मी शेवटी. माझ्यावर घोड्यावर बसलेला सांगाडा आहे आणि त्याच्या पाठीमागे, अगदी बारीक, उगवता सूर्यही काढलाय. तो कुणी बघत नाही. हाडं दिसली की माणसाचे डोळे तिथेच थिजतात.

छापखान्यात कडा कापून घेतल्या आणि या बाईच्या हाती आलो. तिचा नवरा खाली दुकानात लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करायचा. ही वरच्या खोलीत खिडकीपाशी टेबल मांडून पत्ते बघायची. खालून वाफ यायची, आम्ही सगळे दमट.

मी निघालो की गिऱ्हाईक उठायचं. बाई समजवायची, अहो, हे मरण नव्हे, काहीतरी सोडायची वेळ आलीय एवढंच. ऐकतंय कोण! एकीने तर तिलाच पांढऱ्या पायाची ठरवलं आणि जिन्यात उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकवलं. त्या दिवशी बाईने माझी चौघडी केली आणि टेबलाच्या आखूड पायाखाली सारली.

टेबल डुगडुगायचं थांबलं. लोकांची नशिबं वर मांडली जायची आणि तो सगळा बाजार माझ्या डोक्यावर उभा. मी गड्डीत नाही म्हटल्यावर ती फार गोड झाली. लोक हसत जिना उतरायचे.

मग नवऱ्याला खोकला लागला. इस्त्री बाजूला ठेवून भिंत धरून खोकायचा. रुमाल स्वतःच गार पाण्यात धुवायचा, कारण गरम पाण्यात रक्ताचा डाग बसतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण दोरीवर रोज ओले रुमाल दिसले की बायकोला कळणारच. मुलगी मागे लागली, बाबा, दवाखान्यात चला. तो डॉक्टरला भ्यायचा. म्हणाला, आधी तुझी आई काय सांगते ते बघू.

बाईने त्याच्यासाठी पत्ता काढला. सूर्य.

मुलगी म्हणाली, "आई, मरणाला तू टेबलाखाली दाबून ठेवलंयस. दुसरं काय निघणार?"

"जीभ आवर. बापाचा चेहरा बघ, किती उजळला."

बाप म्हणाला, "एवढा सूर्य निघालाय, आता इस्त्री तरी कशाला तापवू?" आणि हसता हसता खोकला.

बाई लबाड नव्हती. तिला त्या सूर्यावर खरंच विश्वास ठेवायचा होता. स्वतःच पुसलेली पाटी कोरी बघून खूश होणारी माणसं मी खूप पाहिली, पण हिच्याइतकी जीव लावून खूश झालेली दुसरी नाही.

शेवटी त्याला उचलूनच न्यावं लागलं. डॉक्टरने एवढंच विचारलं, आधी का नाही आणलं?

नवरा गेल्यावर तिने टेबल उचलून मला बाहेर काढलं. खाली नेलं, त्याची इस्त्री तापवली आणि मला दाबून सरळ केलं. घडी काही गेली नाही. गड्डीत परत घातलं तरी मी कुठे आहे ते तिच्या बोटाला न बघता कळतं. टेबल पुन्हा डुगडुगतंय.

आणि आता तीच खोकतेय.

मुलगी चपला घालून दारात उभी आहे. "पत्ते ठेव, आई. चल."

"एकच बघते. तो सांगेल तसं करू."

तिचं बोट गड्डीच्या कडेवरून सरकतंय. माझ्या घडीपाशी आलं. थांबलं. आता पुढे जाऊ बघतंय.

बाई, ऐक. मी दिसलो की माणूस उठून चालता होतो, याचं मला जन्मभर वाईट वाटलं. आज मला तेवढंच हवंय.

मला उचल, आणि ऊठ.