डावीकडचा आवाज

दातांच्या डॉक्टरीणबाईंना त्या दिवशी एका जागी बसवत नव्हतं. दवाखान्याला सुट्टी होती आणि कितीतरी दिवस मनात घोळणारे स्पीकर घ्यायला त्या धाकट्या बहिणीसोबत दुकानात आल्या होत्या.

दुकानदाराने दोन जोड्यांवर आलटून पालटून तेच व्हायोलिन लावलं. उंच, लाकडी जोडीचा खर्ज पोटात घुमत होता. बुटक्या, काळ्या जोडीतून तारेवर घासणारा गजसुद्धा कळत होता.

“डावा दबलाय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दुकानदाराने वायरी तपासल्या. मग डावा स्पीकर उजवीकडे नेला आणि उजवा डावीकडे. तरी डावीकडून आवाज दबकाच. उंच जोडीचंही तेच. बाई उठल्या, पडदा सरकवला, बसल्या, परत उठल्या.

“ताई, आता भिंत पाडायची का?” बहीण वैतागली.

“तुला कळत नाहीये का फरक?”

“मला दोन्हीकडून सारखंच येतंय गं.”

बाईंनी तणतणत खुर्ची फिरवली आणि स्पीकरकडे पाठ करून बसल्या. मघाचा खणखणीत उजवा स्पीकर आता डाव्या हाताला आला. आणि तोच दबला.

त्यांनी हळूच उजव्या कानावर तळवा दाबला. गजाची खरखर साफ गेली. लांबून कुणी गुणगुणावं तसं काहीतरी उरलं.

“बंद करा,” त्या म्हणाल्या. “स्पीकर चांगले आहेत.”

दुकानाच्या जिन्यात बहिणीने हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. रात्रभर त्या या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिल्या. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दवाखान्यातल्या ड्रिलमुळे असेल, वयामुळेही असेल. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपा. दुसऱ्या दिवसापासून त्या कानात बोळे घालून दाढा कोरू लागल्या. रोगी ओरडले तर कळणार कसं, ही नवीनच धास्ती.

तरी पुढच्या आठवड्यात त्यांनी बुटकी जोडी घेतलीच. घरी डाव्या बाजूचा आवाज थोडा वाढवला, मग कमी केला, मग पुन्हा वाढवला.

“ताई, आता डावीकडून फारच येतंय,” बहीण म्हणाली.

“तू उजवीकडे सरक,” त्या म्हणाल्या, आणि उठून पुन्हा बटणापाशी गेल्या.