परटिणीची तेक्ला

मित्रांनो, मी एक जुने तैलचित्र आहे. क्रुसाच्या पायथ्याशी रडणारी येशूची शिष्या, संत मग्दालिया माझ्यावर रंगवलेली आहे. नेपल्सच्या दक्षिणेला, समुद्राकाठच्या एका गावातल्या चर्चमध्ये माझा जन्म झाला. माझी हकिकत ऐकायला गोड लागणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

ओनोफ्रिओ नावाच्या चिताऱ्याने तागाचे कापड चौकटीवर ताणले, त्यावर सरस चढवला, तांबड्या मातीचा हात दिला आणि जवसाच्या तेलात रंग खलले. क्रुसावरचा येशू त्याला तोंडपाठ होता. मग्दालियापाशी मात्र गाडी अडली. काही केल्या ती साधेना. अखेर नदीवर ब्रिजिदा परटीण आणि तिची लेक तेक्ला चादरी पिळताना त्याला दिसल्या.

"ए पोरी, चर्चमधल्या खांबाला मिठी मारून उभी राहशील का?"

"रडायचं पण का?" तेक्लाने विचारले.

"हो तर."

"मग आईला शेजारी उभी करा. ती ओरडली की आपोआप येतं."

ब्रिजिदाने ओली चादर तिच्या पाठीत हाणली आणि तिघेही हसत सुटले. मी पुरी झाले, वेदीवर चढले. लोक म्हणाले, मग्दालिया अगदी जिवंत वाटते.

त्याच हिवाळ्यात तेक्ला तापाने गेली. परटाच्या घरी लेकीची तसबीर कुठून असणार? तिचा चेहरा आता फक्त माझ्यावर उरला होता. ब्रिजिदा रोज नदीवर जाण्याआधी गाठोडे दारात ठेवून माझ्यापुढे उभी राही. प्रार्थना वगैरे काही नाही. नुसती बघे.

हे गावाच्या डोळ्यांत सलले. पाव भाजणाऱ्या भटारीण झिताने तोंड उघडले, "मेणबत्ती लावायची कुणापुढं? माझ्या चादरी धुणारीपुढं? गुडघे दुखले तरी चालतील, पण हिच्यापुढं नाही टेकायचे बाई!"

बिशप चर्चची पाहणी करायला येणार होते. संतांना गावातल्या माणसाचा चेहरा देऊ नये, असा नियम होता. फादर लिबोरियोंनी चेहरा बदलायचे ठरवले. ब्रिजिदा त्यांच्या पायांशी बसली.

"फादर, हवं तर मला आत येऊ देऊ नका. दारातनं बघीन. पण तिला पुसू नका हो. माझ्यापाशी तिचं दुसरं काही नाही."

"अगं बाई, नियम काय मी केलाय? संतांना गावातला चेहरा चालत नाही."

ओनोफ्रिओच परत आला. खाली मान घालून त्याने नवा चेहरा चढवला, आणि तो कुणाचा? वकिलाच्या बायकोचा, दोन्ना लावीनियाचा! नवी वेदी तिने दिली होती ना. गुबगुबीत गाल, दुहेरी हनुवटी, सगळे तिचे. आता नियमाची आठवण कुणालाही झाली नाही. बिशप "छान" म्हणून गेले. झिताने दुसऱ्याच दिवशी मेणबत्ती लावली. मला किळस आली.

ब्रिजिदा आली. वर बघून तिने मान फिरवली आणि जाता जाता थबकली. घाईत ओनोफ्रिओने चेहरा तेवढा बदलला होता. क्रुसाला धरलेले हात तेक्लाचेच होते. गार पाण्याने सुजलेली बोटे, राखेच्या पाण्याने फाटलेली नखे. वकिलीणबाईच्या चेहऱ्याखाली परटिणीचे हात! गावात कुणाच्या लक्षात आले नाही, कारण हातांकडे बघतो कोण?

"आहेस होय गं?" ती पुटपुटली. "किती गारठलेत बघ." आणि थंडीत नदीवर चोळायची, तसे तिने ते हात चोळले.

मग रोज सकाळी, चर्च रिकामे असताना, ती तेच करू लागली. मित्रांनो, तिचे तळवे खरखरीत होते. आधी वरचे रोगण गेले, मग नखे, मग बोटे. लेकीचे उरलेसुरले आई स्वतःच पुसत होती आणि मला तिला "पुरे कर" म्हणता येत नव्हते. म्हातारपणी तिला अंधुकच दिसू लागले. शेवटी खालची तांबडी माती उघडी पडली, तो तांबूसपणा बघून त्यावरून हात फिरवत ती म्हणाली, "आता आली बघ ऊब."

आज मी संग्रहालयात आहे. माझ्यापुढे दोर बांधला आहे. काल एक गुरुजी मुलांना सांगत होते, "चेहरा बघा, काय देखणा! हात मात्र चिताऱ्याला जमले नाहीत, अर्धेच सोडलेत." मुलांनी माना डोलावल्या. लावीनियाच्या गालांखाली तेक्ला अजून रडते आहे, याचा कुणालाच पत्ता नाही.

मित्रांनो, शेवटी मला जपा असे मी म्हणायचे असते. मला आता काही नको. तुमचे कपडे जी पिळते, तिच्या हातांकडे ती जिवंत आहे तोवर नीट बघा. मागाहून रंग चोळून ऊब येत नाही. ती माती मुळातच तांबडी होती.